मागची सीट काढली, आता उघड्या पत्र्याचं काय करू?

प्रश्न : दादा, आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी घेतली. गेल्या दिवाळीनंतर हौसेने मागच्या सीट काढल्या. मस्टँगचीच शेल्बी जीटी३५०आर ही आवृत्ती कंपनीतूनच मागच्या सीटशिवाय निघायची, ते वाचून डोक्यात शिरलं. काढायला तासभरही लागला नाही. सगळे तुकडे बागेतल्या काट्यावर ठेवले, १७ किलो भरले.

आता मागे नुसता पत्रा. गोंदाचे डाग, लोंबत्या वायरी, बोल्टची भोकं, आणि मधून थेट डिकी दिसते. समृद्धीवर शंभरला लागलं की मागून इतका आवाज येतो की बायकोशी बोलता येत नाही. वडील म्हणतात, एवढे पैसे घालून छोटा हत्ती आणलास. अंबडच्या एका ॲक्सेसरीवाल्याने सुचवलंय : १२ एमएम एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) सपाट प्लॅटफॉर्म, त्यात दोन वूफर, वरून अल्कंटारा कापड, सगळं चिकटवून पक्कं. दोन दिवसांत देतो म्हणतो. करू का? की नुसतं कार्पेट टाकू? आणि काढलेल्या सीटला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सीट विकू नका. एमडीएफ करू नका. आणि नुसतं कार्पेट टाकून भागणार नाही. आता एकेक घेऊ.

मागची सीट माणसं बसवायला असते असं आपण धरून चालतो. तुमच्या गाडीत ती त्या कामाला तशीही बेताचीच होती. गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपने जानेवारी २०१७मध्ये मस्टँगला पाचपैकी दोनच तारे दिले आणि त्यात मागच्या जागेचा हात मोठा होता : मागच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांना ना धडकेत पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर, ना छातीवरचा ताण मर्यादेत ठेवणारा लोड लिमिटर. पुढे सुधारलेल्या गाडीला तीन तारे मिळाले, पण मोठ्या माणसाचे गुडघे त्या जागेत तेव्हाही मावत नव्हते. म्हणजे प्रवाशांच्या हिशेबाने तुमचं फार काही गेलेलं नाही. गेलंय ते वेगळंच. ती सीट डिकीतलं सामान पुढे येऊ देत नव्हती. मागच्या चाकांचा आणि सायलेन्सरचा आवाज पोटात घेत होती. आणि खालचा सगळा पसारा, म्हणजे वायरी, बोल्ट, टाकीच्या पंपाकडे जाणारी झाकणं, ती झाकूनही ठेवत होती आणि बैठक उचलली की दोन मिनिटांत मोकळीही करून देत होती. तुम्हाला जे फिनिशिंग हवंय त्याने आधी ही कामं केली पाहिजेत. दिसायला छान असणं हा त्यानंतरचा मुद्दा.

म्हणून माझी एकच अट आहे, आणि कोणालाही काम देताना ती पहिल्या दिवशीच सांगा : आवाज मारायची शीट सोडली, तर गाडीच्या पत्र्याला काहीही कायमचं चिकटवायचं नाही. प्रत्येक पॅनल एका पान्याने सुटलं पाहिजे. अंबडवाल्याच्या योजनेत मला सगळ्यात जास्त खटकला तो वूफर नाही, 'चिकटवून पक्कं' हे खटकलं. उद्या टाकीचा पंप बिघडला, तर मेकॅनिकला तुमचा प्लॅटफॉर्म फोडावा लागेल किंवा अख्खी टाकी खालून उतरवावी लागेल.

कागदपत्रांचं आधी उरकतो, कारण ते कोणालाच आवडत नाही. तुमच्या आरसीवर आसनक्षमता लिहिलेली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच ठणकावून सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं. त्यात अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत जाऊन लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. 'कोण बघतंय' असं मित्र म्हणतील. रस्त्यावर कदाचित कोणी बघणारही नाही. क्लेमच्या वेळी मात्र सर्व्हेअर पहिल्यांदा मागेच बघेल. परवानगीचं उत्तर नकारार्थी आलं तर सीट पुन्हा बसवाव्या लागतील, आणि तेव्हा वरची अट किती कामाची होती ते कळेल.

आता वजन. तुम्ही १७ किलो काढले. सतराशे किलोंच्या वरच्या गाडीत ते एक टक्काच, पण काढलेत ना, मग निदान परत भरू नका. हिशेब अगदी सोपा आहे. मागचा तळ आणि पाठीची उभी बाजू मिळून साधारण पावणेदोन चौरस मीटर जागा झाकायची आहे असं धरा. १२ एमएम एमडीएफ एका चौरस मीटरला नऊ किलोच्या आसपास जातं. म्हणजे नुसत्या फळ्याच पंधरा किलो. त्याखाली चौकट, वर फोम, मग दोन वूफर, त्यांची पेटी आणि ॲम्प्लिफायर. काढलेल्या सीटपेक्षा दुप्पट वजन घालून गाडी घरी येईल. शिवाय एमडीएफ पाणी पितं आणि फुगतं. जुलैत कसारा घाट चढून इगतपुरीत ओल्या कपड्यांनी, ओल्या छत्रीसकट गाडीत शिरलात की पाणी कुठे जातं? तळाशी. एकदा फुगलेली एमडीएफची कड पुन्हा बसत नाही; ती कार्पेटखालून भजीसारखी वर येते.

सहा एमएमचं प्लायवुड घेतलंत तर चौरस मीटरला चार किलोच्या आत. म्हणजे सगळं मिळून साडेसहा-सात किलो. प्लाय घेताना 'आयएस ७१०' शिक्का बघा, ते मरीन ग्रेड. 'आयएस ३०३' हे साधं. ते कपाटाला ठीक आहे. दुसरा पर्याय दीड एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही चौरस मीटरला चारच किलो. आपल्या नाशिकात हा पर्याय मला जास्त आवडतो. सातपूर-अंबडला महिंद्रा आणि बॉशसारख्या कारखान्यांच्या भोवती उभी राहिलेली लहान वर्कशॉप भरपूर आहेत. लेझर कटिंग, बेंडिंग आणि पावडर कोटिंग ही त्यांची रोजची कामं. कडा दुमडल्या की पातळ पत्राही ताठ होतो. फक्त तुमचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, बिनचूक हवा. त्यावर पुढे येतो.

सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीचा फोमबोर्ड, कोणी सुचवला तर नको म्हणा. हलका असतो, कापायला सोपा असतो, सगळं खरं. पण तुमच्या गाडीची मागची काच तिरपी, जवळजवळ झोपलेली. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता गाडी उघड्यावर लावलीत की ऊन थेट त्या पॅनलवर पडणार. पीव्हीसी असल्या उन्हात मऊ पडतं आणि एकदा वाकलं की वाकलंच. एसीपी, म्हणजे दुकानाच्या पाट्यांना लावतात ते, ताठ राहतं. पण साध्या एसीपीत आत पॉलिथिलीनचा थर असतो आणि तो पेटतो. टाकीच्या डोक्यावर मी तो ठेवणार नाही.

आगीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गाडीच्या आतल्या कापडा-कार्पेटला जळण्याच्या वेगाची मर्यादा असते. अमेरिकी नियमात ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. घरगुती कार्पेटला असलं काही बंधन नसतं. दुकानातून बोटभर तुकडा मागून घ्या, अंगणात चिमट्यात धरून काडी लावा. काडी बाजूला केल्यावर विझत असेल तर घ्या. भराभरा जळत, ठिबकत गेला तर दुकानदार कितीही 'इंपोर्टेड' म्हणो, नको.

कामाला सुरुवात बॅटरीपासून. निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, मगच वायरींना हात लावा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. छताच्या कडेला पडदा एअरबॅग आहेत, त्या बाजूच्या ट्रिमला स्क्रू मारणं तर सोडाच, कापडही चिकटवायचं नाही. लोंबणाऱ्या वायरी कापू नका. कनेक्टरच्या तोंडावर कापडी टेप, आणि वायर मूळ क्लिपांतूनच परत न्या. पट्ट्यांचे आणि सीटचे बोल्ट डबीत जपा. पट्ट्यांचे बोल्ट जगभर बहुतेक गाड्यांत ७/१६ इंचाचे, इंचाला २० आट्यांचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा बोल्ट त्यात दोन आटे बसतो आणि मग आटेच खातो.

मग पत्रा साफ. गोंदाला रॉकेल चोळा, त्यावर साबणपाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. कुठे रंग खरवडला असेल, सीट ओढताना खरवडतोच, तिथे प्रायमर आणि रंगाचा हात. प्रत्येक रिकाम्या भोकाला रबरी बूच. हे क्षुल्लक वाटतं, पण तळाच्या उघड्या भोकातून पावसाचं पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येतो, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिकीच्या रबराची पट्टीही याच वेळी तपासा, कारण आता डिकी आणि केबिन एकच खोली झाली आहे.

इथे थांबून गाडी धुवायच्या पाइपने बाहेरून पाणी मारा, आणि आत कोणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. गळती असेल तर आत्ताच सापडू दे.

आवाजाबद्दल. तुम्हाला जो ऐकू येतो तो दोन प्रकारचा आहे आणि त्यावर औषधही दोन. मोठा सपाट पत्रा स्वतः थरथरतो, ती गुरगुर. त्यासाठी ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट. सगळा तळ मढवायची गरज नसते. बोटाने टिचकी मारत जा. जिथे टणटण वाजतं तिथेच, त्या भागाच्या मधोमध लावा. सपाट भागाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. पुढचं सगळं नुसतं वजन आणि बिल. रोलरने घासून घासून बसवा. खाली हवा राहिली तर शीट काही काम करत नाही. छतावर गळतीला लावतात ती डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून आणू नका. मे महिन्यात गाडीभर डांबराचा वास सुटतो आणि शीट ओघळते.

दुसरा आवाज बाहेरून हवेतून येणारा : टायर, एक्झॉस्ट, पावसात चाकाच्या कमानीवर आपटणारं पाणी. त्याला डॅम्पिंग शीट फारशी अडवत नाही. त्यावर सहा ते दहा एमएमचा नायट्राइल फोम, तो एसीच्या पाइपवर चढवतात त्या जातीचा, बंद पेशींचा. पाणी पीत नाही. चाकांच्या कमानींवर तो नीट, सांधे न सोडता बसवलात तर समृद्धीवर बायकोशी बोलता येईल. गादीचा पिवळा फोम किंवा तागाचं फेल्ट खाली घालू नका. दोन्ही ओल धरतात, आणि त्याखालचा पत्रा कधी गंजला ते कळतसुद्धा नाही.

दोन ठिकाणी काहीच लावायचं नाही. एक, पंपाची झाकणं. त्यांच्याभोवती बोटभर जागा सोडा. दुसरं, डिकीच्या बाजूच्या ट्रिममागे, बंपरच्या आत, बहुतेक गाड्यांत हवा बाहेर जाण्याच्या रबरी झडपा असतात. एसीने आत ढकललेली हवा तिथूनच बाहेर पडते. त्या फोमने बुजल्या, किंवा पाठीचं पॅनल इतकं घट्ट बसलं की हवेला वाटच राहिली नाही, तर दार लावताना जोर लागतो, कानात दडे बसतात आणि एसी मंद वाटतो. पाठीच्या पॅनलला खाली दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवा. दिसणार नाही.

आता फर्मा. खरं काम हेच, आणि ज्याचं त्यालाच करावं लागतं. दोन दिवसांत देणारा माणूस फर्मा करत नाही. तो मापं घेतो, फळी कापतो आणि उरलेल्या फटीत कार्पेट कोंबतो. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणा. एक अखंड तुकडा घालायचा मोह होईल, तो टाळा. लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याची एकच कड पत्र्याला बरोबर जुळवा, आणि मग ते तुकडे जागेवरच मास्किंग टेपने एकमेकांना जोडत जा. कमानीसारख्या वळणावर पुठ्ठा एक इंच लांब ठेवा, कंपास घ्या, त्याचं एक टोक पत्र्यावर टेकवून फिरवत न्या. पेन्सिल पुठ्ठ्यावर तंतोतंत तेच वळण काढते. सुतार दाराची चौकट भिंतीला लावताना हेच करतात, गंगापूर रोडला बांधकाम चाललेल्या कोणत्याही इमारतीत जाऊन बघा.

पुठ्ठा बसला की लगेच कापायला देऊ नका. कार्पेट कडेवरून वळून मागे जाणार आहे, त्याची जाडी दोन्ही बाजूंना खाते. चार एमएमचं कार्पेट असेल तर पॅनल प्रत्येक कडेला तेवढं लहान हवं, नाहीतर तयार पॅनल बसतच नाही, आणि मग कोणीतरी हातोडी काढतं. दुसरं म्हणजे, पॅनल गाडीच्या दारातून आत जाणार कसं? दोन दारांची गाडी, पुढची सीट पूर्ण पुढे सरकवूनही अरुंद वाट. तळाचे दोन भाग करा, डावा-उजवा, मधे सांधा. सांध्यावर कार्पेटची लव आली की तो कोणाला दिसत नाही. पंपाच्या झाकणावर वेगळं, बोट घालून उचलता येईल असं लहान पॅनल. पुठ्ठा आत ठेवून दोन दिवस गाडी चालवा. पुढची सीट पूर्ण मागे घेऊन, पूर्ण रेलून पाहा, कुठे घासते का.

तळ सपाट करायचा की पत्र्याच्या चढउतारावरूनच न्यायचा, यावर माझं मत ठाम आहे : सपाट करू नका. प्लॅटफॉर्म केला की खाली पोकळी राहते, ती घुमते, आणि वर मोकळी जागा दिसली की तिथे सामान साठतं. पायाच्या खड्ड्यापासून बैठकीच्या उंचवट्यापर्यंत आणि तिथून पाठीपर्यंत, अशा तीन पायऱ्या राहू द्या. १९७३च्या पोर्श ९११ कॅरेरा आरएसच्या हलक्या आवृत्तीतही मागे सीट नव्हत्या आणि दार ओढायला कापडी पट्टी होती; २००८च्या रेनो मेगान आर२६.आरमधून कंपनीने १२३ किलो काढले, त्यात मागचं बाकही गेलं. २०१६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट एसच्या ४०० गाड्या अशाच निघाल्या. कंपन्यांनाही हे करताना लाज वाटली नाही. उगाच बैठकव्यवस्थेचा आभास करू नका, जागा रिकामी आहे तर रिकामी दिसू द्या.

काही जण म्हणतील, मग झाकायचंच कशाला, रंगवून सोडून द्या. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा ज्यांनी त्या गाड्यांत डोकावून पाहिलंय त्यांना नुसता रंगवलेला पत्रा आठवत असेल. छानच दिसतो. पण त्यांच्या कानावर हेल्मेट असतं, हेल्मेटमध्ये इंटरकॉम असतो. तुम्ही पिंपळगावला बागेत जाताय.

पॅनल बसवायचे कसे? सीटच्या मूळ बोल्टच्या जागा आहेत, त्याच वापरा. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून त्या जागी कसा आणि पॅनल त्या ब्रॅकेटवर. ब्रॅकेटमध्ये एम६चे रिव्हनट (रिव्हेटसारखे ठोकून बसवायचे नट) मारून घेतले की पॅनल एका ॲलन कीने सुटतं. तळाच्या पत्र्यात एकही नवा स्क्रू मारायचा नाही. खाली टाकी आहे, पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या आहेत, आणि ड्रिलला ते वरून दिसत नाही. पॅनल जिथे पत्र्याला टेकतं तिथे फेल्टची पट्टी, म्हणजे किरकिर होणार नाही.

कार्पेट सुई-ठोकीचं घ्या, दुकानात निडल पंच म्हणतात. घरातल्या गालिच्यासारखं लवदार घेतलंत तर वळणावर चुण्या पडतील. निडल पंच हीट गनने गरम केलं की ताणलं जातं आणि कमानीवर एका तुकड्यात बसतं. रंग काळा किंवा गडद राखाडी, आणि चमक नसलेला. हे सौंदर्यासाठी सांगत नाही. फिकट किंवा चकचकीत पॅनलचं प्रतिबिंब तिरप्या मागच्या काचेत पडतं आणि आरशात मागची गाडी धूसर दिसते. त्याच कारणासाठी लाल-पिवळा रेक्झिनही नको.

अल्कंटाराबद्दल. अल्कंटारा हे एका इटालियन कंपनीचं कापड आहे, त्याच नावाने ती विकते. तुमच्या अंबडवाल्याने सांगितलेल्या किमतीत ते येणार नाही. येईल ते सुएडसारखं दिसणारं पॉलिएस्टर. त्यातही वाईट काही नाही, पण मागच्या काचेखाली ऊन खाऊन ते विटतं, आणि नाशिकची धूळ त्यात बसली की ब्रशनेही निघत नाही. हौस असेल तर पुढच्या दारांच्या पट्टीवर लावा, जिथे हात लागतो. मागे कोण हात लावणार आहे?

गोंद पांढरा फेव्हिकॉल नको. रबरी काँटॅक्ट गोंद, त्यातही उष्णता सोसणारा, उदाहरणार्थ हीटएक्स. दोन्ही बाजूंना पातळ हात, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग जोडायचं. ओला असताना जोडलात तर सॉल्व्हंट आत अडकतं आणि मे महिन्यात फुगे येतात. हे काम पॅनल गाडीबाहेर, उघड्यावर ठेवून करायचं. सॉल्व्हंटची वाफ डोकं जड करते आणि पेट घेते, त्यामुळे आसपास उदबत्तीसुद्धा नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. डिकीत काय ठेवता? जॅक, टूलकिट, हवेचा पंप, कधी द्राक्षांची पेटी? युरोपातल्या सीटच्या चाचणीत मागच्या पाठीवर १८ किलोचे दोन ठोकळे आपटवून बघतात, ती पाठ सामान अडवते की नाही हे तपासायला. तुमच्याकडे आता पाठच नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी थाडकन थांबली, तर दहा किलोची टूलबॅग दहा मीटर उंचीवरून पडल्याच्या जोराने पुढे येते. पुढे तुमची आणि बायकोची मान आहे. सहा एमएमचा प्लाय आणि कार्पेट तिला अडवणार नाही.

म्हणून पाठीच्या जागी, कार्पेटच्या पॅनलमागे, लोखंडी चौकट हवी. २५ एमएमचा चौकोनी पाइप, दीड ते दोन एमएम जाडीचा, त्यावर वेल्डेड जाळी, आणि ती चौकट सीटच्या पाठीच्या मूळ बिजागऱ्यांच्या व कुलुपाच्या जागी बोल्टने कसलेली. वजन चारपाच किलो वाढेल. वाढू द्या, इथे मी किलो मोजणार नाही. मिनी कंपनीच्या, मागच्या सीट नसलेल्या जीपी गाड्यांत पुढच्या सीटमागे आडवी दांडी असायची. तसली दांडी हवी असेल तर फॅब्रिकेटरकडून हौस म्हणून करून घ्या, पण जाळीऐवजी नाही. आणि जड सामान डिकीत ठेवाल ते जाळीला टेकवून, पट्ट्याने बांधून. रोल केजचा, म्हणजे रेसच्या गाडीतल्या पाइपांच्या पिंजऱ्याचा, विचार मनात आला असेल तर सोडा. हेल्मेट न घालता डोक्याजवळ लोखंडी पाइप घेऊन शहरात फिरणं हे धोका कमी करणं नाही.

वूफर हवाच असेल तर एक लहान, डिकीत, जाळीच्या मागे, बोल्टने कसलेला. केबिनमध्ये नको.

आणि मागे माणसं बसणार नाहीत म्हणजे नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण आपली माणसं मला माहीत आहेत. त्र्यंबकला निघताना कोणीतरी म्हणेलच, 'अरे एवढी जागा आहे, सतरंजी टाकून पोरं बसतील की, एवढंसं तर जायचंय.' मामा-मावशीला नाही म्हणणं अवघड असतं, म्हणून जागाच अशी करा की बसताच येणार नाही. सपाट प्लॅटफॉर्म नको म्हणालो त्याचं हेही एक कारण आहे. मागचे पट्टे काढून टाकायचे असतील तर तेही सीटबरोबर जपून ठेवा. ठेवायचे असतील तर क्लिपने बांधा, नाहीतर बकल पत्र्यावर टकटक करत राहील.

वडिलांना काम पूर्ण झाल्यावर गाडी दाखवू नका, पुठ्ठ्याच्या टप्प्यावरच दाखवा. बागेच्या मांडवाची तार कुठे ताणायची हे ज्यांना कळतं त्यांना चौकट कुठे हलतेय हेही कळेल.

राहिल्या सीट. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायची घोषणा केली. मस्टँग तर त्याआधीही बाहेरूनच येत होती. या सीट पुन्हा मिळवायच्या म्हटल्या तर परदेशातून मागवाव्या लागतील, आणि वाहतूक व कस्टम धरून त्या आजच्या गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या पैशात येणार नाहीत. शिवाय गाडी विकायची वेळ आली की घेणारा पहिल्यांदा सीट मागेल, आणि आरटीओने नकार दिला तर तुम्हालाच लागतील. लेदर आधी पुसून कंडिशनर लावा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर उभ्या ठेवा, वर काही रचू नका, आणि उंदरांचा बंदोबस्त करा. बोल्टची डबी सीटलाच बांधून ठेवा, आणि कुठला बोल्ट कुठला ते आत्ताच चिठ्ठीवर लिहा.